सीपीयू कोण खातं?

आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी कोण जास्त वापरतं, यावर दर मीटिंगला भांडण होतं आणि चहा आला की विरतं. ऑफिसात तरी ही कटकट नाही, असं मला वाटायचं. आम्ही हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या एका क्लायंटचं मेनफ्रेम, म्हणजे थोरला कॉम्प्युटर, सांभाळतो, आणि ते मशीन सगळं लिहून ठेवतं.

एका सकाळी मॅनेजरबाई आल्या. "अरे, प्रत्येक युझरने किती सीपीयू खाल्ला, एवढंच हवंय. एक्सेलमध्ये. संध्याकाळपर्यंत." सीपीयू खाणं म्हणजे मशीनच्या प्रोसेसरचा वेळ वापरणं. आयबीएमच्या बऱ्याच सॉफ्टवेअरचं महिन्याचं बिल सगळ्यात दाटीच्या चार तासांतल्या सरासरी वापरावर ठरतं. ते फुगलं होतं, आणि आता खाणारा हवा होता.

झेड-ओएसमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, एसएमएफ नावाचा चित्रगुप्त बसलेला असतो. जॉबचा, म्हणजे मशीनला दिलेल्या प्रत्येक कामाचा, हिशेब तो टाइप ३० च्या रेकॉर्डमध्ये ठेवतो. पण त्याचं अक्षर! १५ मार्च २०२४ ही तारीख तो ०१२४०७५एफ अशी लिहितो: शतकाचा १, वर्ष २४, वर्षाचा पंचाहत्तरावा दिवस. शेवटचा एफ म्हणजे नुसतं अधिक-उण्याचं चिन्ह, पण रात्री साडेअकराला तो मला माझा निकाल वाटला. (संध्याकाळ केव्हाच होऊन गेली होती.)

शिवाय सीपीयूचा आकडा ठरल्या जागी सापडत नाही. रेकॉर्ड आधी पत्ता देतो, अमुक बाइट पुढे जा. हे मोजताना तो स्वतःची लांबी सांगणारे पहिले चार बाइट धरतो, आणि माझ्या कोबोल भाषेतल्या प्रोग्रॅमला नेमके तेच चार दिसत नाहीत. पेठेत पत्ता विचारल्यासारखं: "इथून चौथं घर" म्हणणारा स्वतःच्या घरापासून मोजतो, आपण पुढच्यापासून. युझरच्या नावाच्या सेक्शनला मी चार वजा केले, सीपीयूच्या सेक्शनला विसरलो. शेजारच्या घरात राहतो एसआरबी टाइम, म्हणजे सिस्टिमच्या आतल्या कामांचा वेळ, बिचारा अगदीच किरकोळ. रिपोर्ट आला तर सगळे संत! कुणीच काही खाल्लेलं नाही. थेट आमच्या सोसायटीची मीटिंग: "आम्ही तर दिवसभर बाहेरच असतो हो."

चार वजा केले. आता बेरीज मशीनच्या कुवतीबाहेर गेली. जॉबची प्रत्येक स्टेप संपली की एक रेकॉर्ड पडतो, सबटाइप ४. अख्खा जॉब संपला की सगळ्याची बेरीज घेऊन आणखी एक, सबटाइप ५. मी दोन्ही जोडले होते. मिसळीचे पैसे वाढप्यानेही घेतले आणि गल्ल्यावरही.

तिसऱ्या दिवशी आकडे माणसात आले. पहिल्या नंबरवर सीआयसीएस हे व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे एकाच सातबाऱ्यावर अख्खं गाव: शेकडो कारकून दिवसभर कामं करतात आणि टाइप ३० मध्ये सगळं त्या एका आयडीच्या नावावर पडतं. फोड हवी तर टाइप ११० उपसा. "ते पुढच्या फेजमध्ये," बाई घाईने म्हणाल्या. "मला माणूस दाखव."

माणूस दुसऱ्या नंबरवर होता. सात अक्षरी आयडी, रोज रात्री नियमाने तासन् तास सीपीयू. बाईंचे डोळे चमकले. "याला कॉलवर घे."

कॉलवर क्लायंटकडच्या मॅडम आल्या. आयडी ऐकून आधी हसल्या, मग गप्प झाल्या. तो गृहस्थ सहा वर्षांपूर्वीच रिटायर झालेला. रात्रीची निम्मी बॅच, म्हणजे एकामागून एक आपोआप सुटणारे जॉब, त्याने कधीकाळी आपल्याच आयडीवर लावून दिली होती. ती अजून त्याच आयडीवर सुटते. आयडी काढायची कुणाची छाती होत नाही, कारण सकाळचे पगार त्याच बॅचमधून निघतात.

"मग त्यांना वापर कमी करायला सांगायचं कसं?" बाईंनी विचारलं. पलीकडून कुणी काही बोललं नाही.

शेवटी एक्सेलमध्ये 'शेरा' असा नवा रकाना आला. त्याच्या आयडीपुढे मी लिहिलं: "निवृत्त. वापर चालू."