मावशी, आधी तो अलार्म काढ

"जुन्या मोबाईलवर स्पीकरचं नाव घेऊन कमांड रेकॉर्ड करा, तीच अलार्म टोन लावा, मोबाईल स्पीकरशेजारी ठेवा. १००% चालतं! एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी वरदान!!" हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आला असेलच (स्पीकर म्हणजे अलेक्सासारखा, नाव घेऊन सांगितलं की काम करणारा स्मार्ट स्पीकर). मी नेहमीसारखा सोडून दिला असता, पण सांगलीच्या मावशीने तो चक्क करून ठेवलाय, म्हणून हे लिहायला बसलोय.

सगळ्यात भयंकर मुद्दा आधी घेतो. म्हणे रोज सकाळी नऊला अलार्म वाजणार, आपण ठीक असलो तर तो बंद करायचा, नाही केला तर स्पीकर स्वतःहून ११२ ला फोन लावणार. अहो, अ‍ॅमेझॉनच्याच हेल्प पेजवर लिहिलंय की अलेक्सा कॉलिंगवरून इमर्जन्सी सेवेला फोन लागत नाही! म्हणजे अलार्म वेळेवर वाजला, वाय-फाय चालू होतं, स्पीकरने शब्दन्‌शब्द ऐकला, तरी कोणी येणार नाही. आणि मावशी इतकी निर्धास्त की शेजारच्या काकूंना रोज द्यायची तो मिस्ड कॉलपण बंद केला. याला वरदान म्हणायचं? (बरं, लागत असता तरी ती अंघोळीला गेली की पोलीस दारात.)

आता ते "१००%". रविवारी तिच्याकडे बसून नुसत्या लाईटची कमांड दहा वेळा वाजवून बघितली, चारदा लाईट लागला. तिचा अलार्म हळू सुरू होऊन मोठा होत जातो, त्यामुळे सुरुवातीचं नावच पंख्याच्या आवाजात जातं आणि मागे नुसतं "बत्ती जलाओ" उरतं. कधी नाव ऐकू आलंच तर टोन संपून परत पहिल्यापासून, स्पीकर बिचारा गोंधळतो. वीज गेली की राउटरही गेला, मग तर विषयच संपला.

रेकॉर्डिंगने स्पीकर जागा होतो एवढं खरंय, मान्य. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेत बर्गर किंगने १५ सेकंदांची जाहिरात केली होती, तिच्यात शेवटी माणूस "ओके गुगल" म्हणून व्हॉपर बर्गर म्हणजे काय असं विचारतो, आणि लोकांच्या घरातले गुगल होम (गुगलचे असेच स्पीकर) आपोआप विकिपीडिया वाचायला लागले. काही टवाळांनी लगेच त्या पानावर साहित्यात सायनाइड घुसवलं. पण पुढचं फॉरवर्डवाला सांगत नाही, गुगलने काही तासांतच त्या जाहिरातीच्या आवाजाला ओ देणं बंद केलं. कंपनीला वाटलं की बंद, अशा गोष्टीवर म्हातारं माणूस सोडायचं?

याच युक्तीने गीझर-मोटर चालू करायचं म्हणाल तर स्पीकरच्या अ‍ॅपमध्ये रूटीन असतं, वेळ टाकली की काम होतं, कोणी ओरडायला लागत नाही.

मावशीला फोनमधलं इमर्जन्सी एसओएस चालू करून दिलंय, बाजूचं बटण पटापट दाबायचं, की मदतीसाठी फोन लागतो. काकूंना मिस्ड कॉल परत सुरू झालाय, नऊ वाजून पाच मिनिटांनी. अलार्म मात्र काढू देत नाहीये, म्हणते माझा आवाज छान आलाय त्यात.