‘बर्फाला हात लावू नका’ : दर हिवाळ्यात फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

नोव्हेंबरात पहिला बर्फ भुरभुरला की आमच्या मिसिसागाच्या (टोरांटोजवळचं शहर) मराठी ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘कॅनडात नवीन आलेल्या मराठी बांधवांसाठी महत्त्वाचं’ असा त्याचा मथळा. खाली सहा मुद्दे. बर्फ साफ करू नका, केलात तर कोणी पडल्यास जबाबदारी तुमची. प्लोच्या, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ लोटत जाणाऱ्या गाडीने ड्राइव्हवेच्या, म्हणजे घरासमोरच्या गाडीवाटेच्या तोंडाशी टाकलेला ढीग शहराचा, तो परत रस्त्यावर लोटा. थोडा बर्फ शेजाऱ्याच्या बाजूला गेला तर काही बिघडत नाही, पाणीच आहे. बेसमेंट भाड्याने दिलं असेल तर बर्फ काढायचं काम लीजमध्ये, म्हणजे भाडेकरारात, भाडेकरूवर टाका. दुसऱ्याच्या ड्राइव्हवेला मदत म्हणूनही हात लावू नका. आणि शेजाऱ्याशी बोलत बसू नका, सरळ ३११ ला, महापालिकेच्या तक्रारीच्या नंबरला, फोन करा.

मी इथे चौदा हिवाळे काढले आहेत. यंदा आमच्या गल्लीतल्या दोन घरांचं बोलणं बंद झालंय, आणि त्यातल्या एका घराने हा मेसेज अक्षरशः पाळला होता. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो आहे.

‘साफ केलात तर जबाबदारी तुमची, नैसर्गिक बर्फाची नाही’

हा मुद्दा सीमेपलीकडून आलाय. अमेरिकेतल्या काही राज्यांत आपोआप साचलेला बर्फ आणि माणसाने ढीग करून ठेवलेला बर्फ यांत कायदा फरक करतो. न्यू जर्सीत घरासमोरच्या सार्वजनिक पदपथावर आपोआप साचलेल्या बर्फावरून कोणी घसरलं, तर राहत्या घराच्या मालकाला सहसा भरपाई द्यावी लागत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या चुलतभावाने सांगितलेलं ते आमच्या शेजारच्या ब्रॅम्प्टनला येईपर्यंत ‘कुठेच हात लावू नका’ असं होऊन बसलं. खुद्द अमेरिकेतही हे सगळीकडे खरं नाही. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने हा फरक २०१० मध्येच मोडीत काढला. इलिनॉयने तर १९७९ मध्ये खास कायदा केला, की घरासमोरचा पदपथ लोकांनी साफ करावा, आणि साफ करताना काही राहून गेलं म्हणून त्यांना कोर्टात खेचलं जाऊ नये.

आपण राहतो कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात. इथला कायदा १९८० चा, ऑक्युपायर्स लायबिलिटी ॲक्ट. तुमच्या जागेत येणारा माणूस सुरक्षित राहावा म्हणून परिस्थितीप्रमाणे वाजवी ती काळजी घ्या, एवढंच तो मागतो. यात बर्फ न काढणं ही ढाल होत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेला एक निकाल यासाठी वाचावा असा आहे. ऑन्टारियोच्या ग्रामीण भागातलं भाड्याचं फार्महाऊस, गाड्या लावायची निसरडी जागा, तिथे एक माणूस पडला आणि त्याची कवटी फुटली. घरात राहणाऱ्यांचं म्हणणं होतं की आमच्या भागात निसरडं कमी व्हावं म्हणून कोणीच मीठ किंवा वाळू टाकत नाही, रिवाजच नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. सगळे करत नाहीत म्हणून न करणं वाजवी ठरत नाही, असा त्याचा अर्थ. ‘आपोआप पडलेला बर्फ तसाच ठेवला’ हे उत्तर त्या कोर्टात कितपत टिकलं असतं, ते तुम्हीच ताडा.

वाजवी काळजी म्हणजे पहाटे तीनला पडलेला बर्फ साडेतीनला गायब करणं नव्हे. उठलात, काढलात, निसरडं राहिलं तिथे मीठ किंवा वाळू टाकलीत, एवढं बहुतेक घरांना पुरतं. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मीठ टाकल्याची वेळ पेन्सिलीने लिहून ठेवतो. २९ जानेवारी २०२१ पासून नियम असा आहे, की बर्फावर पडलेल्या माणसाने भरपाई मागायची असेल तर साठ दिवसांच्या आत जागा सांभाळणाऱ्याला लेखी नोटीस द्यायची. ती आली, तर दीड महिन्यापूर्वीच्या मंगळवारी सकाळी आपण काय केलं होतं, हे कोणाच्या लक्षात राहतं?

पदपथाचा प्रश्न वेगळा आहे. ऑन्टारियोच्या अपील न्यायालयाने २००० साली सांगितलं की घरमालकाची ही जबाबदारी साधारणपणे त्याच्या जमिनीच्या कडेला संपते, समोरचा सार्वजनिक पदपथ त्यात येत नाही. पण त्याला अपवाद आहेत. तुमच्या पन्हाळीचं पाणी पदपथावर जाऊन गोठलं, तर ते पाणी तुमचं. टोरांटोत २०२१-२२ च्या हिवाळ्यापासून महापालिका जवळपास सगळे पदपथ यंत्राने साफ करते. बाकी प्रत्येक गावाचा नियम वेगळा आहे, तो आपापल्या शहराच्या संकेतस्थळावर बघा, मेसेजवर नको.

‘प्लोने टाकलेला ढीग शहराचा, परत रस्त्यावर लोटा’

यामागचा संताप मला कळतो. दोन तास राबून ड्राइव्हवे चकाचक केलेला असतो, आणि प्लो येऊन तोंडाशी गुडघाभर बांध घालून जातो. तोही भुसभुशीत नसतो. रस्त्यावरचा दाबलेला, मिठाने ओला झालेला, मळकट बर्फ असतो, आणि तासाभरात दगड होतो. वॉनसारखी काही शहरं तो बांध स्वतः काढून देतात, बहुतेक ठिकाणी तो आपल्यालाच काढावा लागतो.

पण तो रस्त्यावर लोटायला मनाई आहे, आणि ही मनाई एखाद्या शहराच्या हौसेतून आलेली नाही. ऑन्टारियोच्या हायवे ट्रॅफिक ॲक्टचं कलम १८१ म्हणतं की लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर बर्फ टाकायचा नाही. कारणही उघड आहे. तुम्ही लोटलेला बर्फ पुढचा प्लो उचलतो आणि दोन घरं पलीकडच्या दारात नेऊन सोडतो. मध्ये एखादी गाडी त्यावरून घसरली, तर पोलीस तुमच्या दारात येऊ शकतात.

त्यापेक्षा एक युक्ती सांगतो. शेजारच्या पोर्तुगीज आजोबांनी ती मला पहिल्याच हिवाळ्यात शिकवली. ड्राइव्हवेत रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. इथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे आपल्या बाजूने येणारा प्लो डावीकडून येऊन उजवीकडे जाणार. तेव्हा ड्राइव्हवेच्या डाव्या हाताला, आपल्याच घरासमोर, रस्त्याच्या कडेचा बर्फ काढून आठ-दहा फुटांचा रिकामा खिसा करायचा. प्लोच्या पात्यावरचा माल तिथे उतरतो, आणि आपल्या तोंडाशी पोचेपर्यंत पातं बरंचसं हलकं झालेलं असतं. आपला काढलेला बर्फ मात्र उजव्या हाताला, आपल्याच गवतावर रचायचा. मी पहिल्या वर्षी नेमकं उलट केलं होतं. माझाच ढीग प्लोने माझ्याच दारात आणून टाकला. आजोबा खिडकीतून बघत होते. मग बूट घालून बाहेर आले आणि काही न बोलता काठीने बर्फात बाण काढून दाखवला.

‘शेजाऱ्याच्या बाजूला टाकला तर काय, पाणीच आहे’

मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा हाच. त्या दोन घरांचं भांडण याच वाक्यावरून पेटलं.

गावाकडे ज्याने शेती पाहिली आहे, त्याला बांध कोरणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दरवर्षी नांगराची एक रेघ पलीकडे जाते आणि दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. इथल्या टाऊनहाऊसमध्ये, म्हणजे एकाला एक लागून असलेल्या घरांत, दोन ड्राइव्हवेंच्या मध्ये कधी दीड फूट गवत असतं, कधी तेवढंही नसतं. तिथे टाकलेला बर्फ कुठे जातो ते हिशोबाने बघू. दोन गाड्यांचा ड्राइव्हवे साधारण सहा मीटर रुंद, दहा मीटर लांब. त्यावर वीस सेंटिमीटर बर्फ म्हणजे बारा घनमीटर. ताजा, हलका बर्फ घनमीटरला शंभर किलो धरला तरी एका सकाळचा भार बाराशे किलो होतो. ओला असेल तर याच्या दुप्पट, तिप्पट. यातला चौथा हिस्सा जरी पलीकडे भिरकावला, तरी शेजाऱ्याच्या पाठीवर तीनशे किलो चढले. ‘थोडा’ म्हणतात तो एवढा असतो.

आणि तो मार्चपर्यंत गप्प बसत नाही. फेब्रुवारीतल्या एखाद्या दुपारी ऊन पडतं, पारा शून्याच्या वर जातो, ढिगाच्या पायथ्यातून पाणी झिरपतं आणि उतार असेल तिकडे, म्हणजे शेजाऱ्याच्या डांबरावर, पसरतं. रात्री उणे आठ. सकाळी तिथे नुसतं ओलं दिसतं, बर्फ दिसतच नाही. यालाच इथे ब्लॅक आइस म्हणतात. आमच्या गल्लीत असंच झालं. शेजारच्या घरातल्या सत्तरीच्या आजी कचऱ्याचा डबा ओढत निघाल्या आणि मनगटावर पडल्या. हाड मोडलं नाही, सूज तीन आठवडे होती. ज्यांनी बर्फ टाकला त्यांना खरंच वाटत होतं की आपण काही वाईट केलेलं नाही, कारण मेसेजमध्ये तसंच लिहिलं होतं. दुसऱ्याच्या जमिनीवर बर्फ टाकणं हे कायद्याने त्याच्या जागेत केलेलं अतिक्रमण धरलं जाऊ शकतं, आणि त्यातून इजा झाली तर विषय त्याहून पुढे जातो. स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून फेकणारं यंत्र, वापरणाऱ्यांनी तर धुराड्याचं तोंड कुठे वळलंय ते दर फेरीला बघावं. वाऱ्याची एक झुळूक पुरते, सगळा फवारा पलीकडच्या गाडीवर जातो.

जागाच उरली नाही तर काय करायचं, हा प्रश्न रास्त आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये टोरांटोत लागोपाठच्या वादळांत पन्नास सेंटिमीटरहून जास्त बर्फ पडला, तेव्हा आमच्या गल्लीत ढीग छातीला लागले होते. त्या वेळी आम्ही चार घरांनी मिळून ठरवलं की कोपऱ्यावरच्या घराच्या बाजूच्या मोकळ्या गवतावर सगळ्यांचा बर्फ टाकायचा. त्या घरच्या बाईंना आधी विचारलं. त्यांनी एकच अट घातली, फायर हायड्रंट, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा नळ, झाकायचा नाही.

मिठाबद्दल मेसेजमध्ये काही नाही, पण शेजाऱ्यांची भांडणं त्यावरूनही होतात म्हणून सांगतो. साधं मीठ उणे दहाच्या खाली फारसं चालत नाही. लोक मग पोतीच्या पोती ओततात, आणि उन्हाळ्यात दोन्ही घरांचं गवत जळलेलं दिसतं. कडाक्याच्या थंडीत वाळू टाकावी, ती पायाला धरते.

‘लीजमध्ये लिहा, बर्फ भाडेकरूचा’

ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटमध्ये राहणारी आपली शेकडो मुलं या एका ओळीने फसतात, आणि मालकही फसतात. ऑन्टारियोत बाहेरच्या सामायिक वाटेवरचा बर्फ काढून ती सुरक्षित ठेवणं हे मालकाचं काम आहे. २००९ मध्ये इथल्या अपील न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं. बेसमेंटमधली भाडेकरू बाहेरच्या निसरड्या वाटेवर पडली होती, आणि लीजमध्ये बर्फ तिने काढायचा असं लिहिलेलं होतं. न्यायालयाने सांगितलं की भाडेकराराचा भाग म्हणून ही अट चालणार नाही. भाडेकरूकडून हे काम करून घ्यायचं असेल तर तो वेगळा करार हवा, आणि त्याचा वेगळा मोबदला हवा. बेसमेंट भाड्याने देणाऱ्या आपल्याच माणसांना माझी कळकळीची विनंती आहे, रात्रपाळी करून आलेल्या पोराच्या हातात तो कागद धरून फावडं देऊ नका.

‘दुसऱ्याच्या ड्राइव्हवेला हात लावू नका’

हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं. मदतीचा हात किती लागतो ते बघा. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या १९८१ ते २०१४ या काळातल्या नोंदी तपासून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वीस सेंटिमीटर बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्या पुरुषांचं प्रमाण सोळा टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि त्याने दगावण्याचा धोका चौतीस टक्क्यांनी. गार हवेत श्वास रोखून जड फावडं उचलणं हे त्यामागचं संभाव्य कारण. माझे सासरे हिवाळ्यात इथे आले होते, तेव्हा आम्ही कामावर असताना त्यांनी ‘तुम्हाला तेवढाच हातभार’ म्हणून अर्धा ड्राइव्हवे काढला आणि छाती धरून पायरीवर बसले. त्यांना आत नेलं, कोमट पाणी दिलं आणि रुग्णवाहिका बोलावली, ती त्याच पोर्तुगीज आजोबांनी. त्या दिवशी त्यांनी ‘दुसऱ्याच्या दाराला हात लावायचा नाही’ हा नियम पाळला असता तर, हा विचार मी आजही पुढे नेऊ शकत नाही.

‘बोलू नका, ३११ ला फोन करा’

रस्त्यावर बर्फ लोटला असेल, पदपथ अडवला असेल, हायड्रंट गाडला असेल, तर जरूर करा. दोन खासगी ड्राइव्हवेंच्या मधल्या बर्फाचं प्रकरण मात्र बहुतेक वेळा तुमचं तुम्ही बघा किंवा दिवाणी कोर्टात जा, इथेच येऊन थांबतं. तोवर एप्रिल येतो आणि पुरावा वितळतो.

आजोबा आणि मी ऑक्टोबरात, जमीन गोठायच्या आधी, दोन ड्राइव्हवेंच्या मधल्या गवतात केशरी काठ्या ठोकतो. तीन त्यांच्या, तीन माझ्या. आदल्या आठवड्यात ते कुंपणापाशी येऊन विचारतात, ‘यंदा ढीग कुठे?’ मग आम्ही उभ्या-उभ्याच ठरवतो. त्यांच्या गुलाबाचं झुडूप माझ्या बाजूच्या तिसऱ्या काठीपाशी आहे, तिथे बर्फ टाकायचा नाही.