1832 आधी मत फक्त लॉर्डांना होतं? उलट, त्यांनाच नव्हतं

'1832 आधी ब्रिटनमध्ये फक्त लॉर्ड आणि बडे जमीनदार मत देत, राजा म्हणेल तो कायदा होई आणि 1832 च्या मतदान सुधारणा कायद्याने गरिबाला मत मिळालं,' असा मजकूर हल्ली बराच फिरतोय. त्यातली तिन्ही विधानं चुकीची आहेत.

लॉर्डांपासून सुरुवात करू. हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये बसणाऱ्याला कॉमन्सच्या, म्हणजे संसदेच्या निवडून येणाऱ्या सभागृहाच्या, निवडणुकीत मतच नव्हतं. परगण्यांत 1430 च्या कायद्याप्रमाणे वर्षाला 40 शिलिंग उत्पन्नाची मालकीची जमीन लागे. पुढे पैशाची किंमत इतकी घसरली की छोट्या घराचा मालक असलेला कारागीरही त्यात बसू लागला. शेकडो पौंड खंड भरणारं बडं कूळ मात्र बाहेर. शहरागणिक नियम वेगळा. टाँटनमध्ये स्वतःची चूल असणाऱ्याला मत, म्हणून निवडणूक जवळ आली की भाडेकरू भर रस्त्यात हंडी शिजवत, शेजाऱ्यांनी पाहावं म्हणून.

मग लॉर्डांची सत्ता आली कुठून? जागा मुठीत ठेवण्यातून. ओल्ड सॅरम या चिमुकल्या मतदारसंघात मत माणसाला नव्हे, जमिनीच्या तुकड्याला चिकटलेलं. मालक निवडणुकीपुरते तुकडे विश्वासू लोकांच्या नावे करी आणि नंतर परत घेई. हिंदुस्थानच्या व्यापारात गब्बर झालेल्या टॉमस पिटने हे गाव 1691 मध्ये विकत घेतलं. 1735 मध्ये नातू विल्यम तिथूनच खासदार झाला. 1831 मध्ये इथे 11 मतदार आणि 2 खासदार, तर लाखावर वस्तीच्या मँचेस्टरला स्वतःचा एकही नाही. शिवाय मत उघड: चौथऱ्यावर चढून उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगायचं, कारकून ते वहीत लिहून घेई. अशा वह्या पुढे छापूनही विकल्या जात, म्हणजे घरमालकाला सगळं आयतंच कळे. गुप्त मतदान आलं 1872 मध्ये.

राजाचं म्हणाल, तर संसदेने मंजूर केलेलं विधेयक शेवटचं नाकारलं ते ॲन राणीने, 1708 मध्ये. तिसऱ्या जॉर्जने 1783 मध्ये मंत्री फॉक्सचं ईस्ट इंडिया कंपनीबद्दलचं विधेयक पाडलं खरं, पण हुकूम काढून नव्हे. विधेयकाच्या बाजूने मत देणाऱ्याला आपण शत्रू समजू, असा निरोप त्याने लॉर्डांपर्यंत पोचवला.

आणि 1832? शहरांत वार्षिक 10 पौंड भाड्याच्या घराची अट आली. मतदार वाढले, पण मुख्यतः मध्यमवर्गातले. प्रेस्टन शहरात तर आधी जवळपास प्रत्येक प्रौढ पुरुष रहिवाशाला मत होतं. जुन्या मतदारांचा हक्क त्यांच्या हयातीपुरता राहिला. त्यांच्या मुलांना मात्र 10 पौंडांचं घर दाखवावं लागलं.