चालायला जागा ठेवा ना बाप्पा थोडी!

डोकं फिरलं आहे आज. बाजाराचा दिवस होता, मायला बीपीच्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यात नेलं, एसटी स्टँडवरून दवाखाना दहा मिनिटाचा रस्ता, अन तेवढ्यात तिला पाच वेळा फुटपाथ सोडून गाड्यांमधात उतरावं लागलं. मोजलं मी. पाचव्यांदा एका गाडीचा आरसा तिच्या दंडाला घासून गेला तर ड्रायव्हर काच खाली करून तिच्यावरच खेकसला, काहून वं बाई, मरायचं हाय का? अरे मग चालावं कुठून तिनं?

फुटपाथ म्हणजे आमच्याकडं नालीवर टाकलेले ढापे. त्यातले दोन फुटलेले, बाकीच्यावर कापड दुकानाचे पुतळे, मोबाईलवाल्याचा बोर्ड, किराण्यातले तेलाचे पिपे, त्याच्यापुढं आडव्या लावलेल्या मोटरसायकली अन त्याच्याही पुढं चारचाकी. रस्ता मोठा होणार म्हणून सगळे खूश होते, मीही होतो. पहिले दोन्हीकडं कडुनिंब होते, त्याच्या खाली मातीची पट्टी होती, म्हातारी माणसं, बकऱ्या, शाळेतल्या सायकलवाल्या पोरी सगळे तिथूनच जायचे. कडुनिंब तोडले, पट्टी सिमेंटात गेली, मधात डिवायडर आला, पलीकडं जायचं तर लांबच्या कटपर्यंत उन्हातान्हात चालत जा. गाडीवाल्याचं काय कमी झालं? काहीच नाई. जे गेलं ते पायी चालणाऱ्याचं गेलं.

अन सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? अतिक्रमण हटवायला येतात तेव्हा पहिले हात कोणाला लावतात तर खेड्यातून सकाळच्या गाडीनं वांगे-सांबार (कोथिंबीर) घेऊन आलेल्या बाईच्या टोपल्याला. दोन फूट जागा घेतली होती तिनं. तिच्या बाजूला सकाळपासून उभी असलेली पंधरा फुटाची गाडी कोणाला दिसत नाई, ते अतिक्रमण नाई, ती पार्किंग! फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा आहे, सर्वे झाल्याबिगर त्या बाईला उठवता येत नाई, पण हे तिला कोण सांगणार.

नियम नाई असंही नाई ना. रस्त्याचे मापदंड ठरवणारी इंडियन रोड काँग्रेस नावाची संस्था म्हणते फुटपाथवर कमीत कमी १.८ मीटर जागा मोकळी पाहिजे. मे २०२५ मधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की चालायला नीट फुटपाथ असणं हा जगण्याच्या हक्कातच येतो, घटनेचं कलम २१. २०२२ या एका वर्षात देशात ३२,८२५ पायी चालणारे रस्त्यावर मेले, सरकारचाच आकडा आहे. अन त्याच वर्षी आमच्या इकडंच अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटात टाकून गिनीज रेकॉर्ड केला. म्हणजे मशीन आहे, पैसा आहे, माणसं आहेत, फक्त दवाखान्यापर्यंत म्हाताऱ्या माणसाला चालायला चार ढापे सरळ बसवायचे म्हटलं की कोणाकडंच काही नसते.

माय म्हणते जाऊ दे ना बाबू, लागलं थोडीच. दंड काळानिळा झाला आहे तिचा. गोळ्या एका महिन्याच्याच भेटल्या, महिन्यानं तिला परत तिथूनच जायचं आहे.