बॅटमॅन, डॉक्टर लेक्टर आणि रात्रीचे अडीच

कॉलेजच्या ग्रुपवर परवा परत तोच वाद पेटला, बॅटमॅन विरुद्ध कादंबऱ्या-सिनेमांतला खुनी हॅनिबल लेक्टर, कोण जिंकणार. तिकडे भारतात भरदुपार, इकडे माझे रात्रीचे अडीच, आणि झोपायचं सोडून मी मेसेज वाचत बसलो. जवळजवळ सगळे बॅटमॅनच्या बाजूने. मुद्दा काय, तर त्याला तयारीला वेळ द्या, तो कुणालाही लोळवतो, आणि लेक्टर शेवटी एक डॉक्टर, एका फटक्यात आडवा.

फटक्याचं मान्य. पण फटक्यापर्यंत गोष्ट जाईलच कशाला?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना हाच प्रश्न टाकला तर समोरची म्हणाली, "लिहिणारा कोण त्यावर आहे," आणि विषय संपला. बरोबर आहे तिचं, पण असं बरोबर बोलून वादाचा जीवच घ्यायची इथली सवय मला अजून झेपत नाही. मग तीच सहज म्हणाली, आज लवकर निघतेय, चार वाजता थेरपिस्टकडे जायचंय. आपण दाताच्या डॉक्टरकडे जातोय म्हणून सांगतो ना, अगदी तसं.

तिकडे असताना मला लेक्टरची भीती वाटायची ती तो माणसं खातो म्हणून. तो सायकिअ‍ॅट्रिस्ट आहे हे नुसतं डिटेल होतं, कारण आमच्या घरात तसल्या डॉक्टरकडे जाणं ही लपवायची गोष्ट. इथे एकटा राहून, मी स्वतः चार-पाच सेशन करून आल्यावर मात्र त्याच्या दातांचं काही वाटेना. ज्याच्यासमोर तुम्ही आपणहून सगळं ओकलात तोच तो, ही खरी भीती.

आता यात बॅटमॅनला बसवा. १९३९ साली तो आला आणि त्याच वर्षी त्याच्या आई-बापाच्या खुनाची गोष्टही आली, तेव्हापासून ती जखम काही भरली नाही. लेक्टरला फार खणायलाही लागणार नाही. बरं, बॅटमॅन आधी डिटेक्टिव्ह, म्हणजे तो छतावरून उडी मारणारच नाही, ब्रूस वेन म्हणून, म्हणजे आपल्या खऱ्या नावाने, खोटा आजार घेऊन पेशंट बनून जाईल. आणि लेक्टर असा की कोठडीतून नुसत्या वासावर त्याला भेटायला आलेल्या एफबीआयच्या क्लॅरिसची क्रीम ओळखतो, तो या अब्जाधीशाच्या सोललेल्या बोटांकडे बघून काय विचारेल? "झोप लागते का?" एवढंच विचारेल बहुतेक.

लेक्टरला पकडलं जातं हेही खरं. मूळ कादंबरीत, 'रेड ड्रॅगन'मध्ये, तपास करणाऱ्या विल ग्रॅहमला लेक्टरच्या ऑफिसातली जुनी वैद्यकीय पुस्तकं बघता बघता कळतं की हाच तो, फोन करायला जातो तर लेक्टर मागून नुसत्या मोज्यांवर येतो, चाहूलसुद्धा नाही. ग्रॅहम वाचतो कसाबसा. लोकांच्या मागे आवाज न करता उभं राहणं हा इतकी वर्षं बॅटमॅनचा धंदा, त्याच्याच मागे कुणी मोज्यांवर येऊन उभं राहिलंय हा सीन मला फार आवडला असता.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. बराच वेळ शांतता. मग एकाचा मेसेज आला, "ठीक आहे, पण ब्रूसचा बटलर आल्फ्रेड बाहेर गाडीत बसलाय, तासाभरात ब्रूस बाहेर आला नाही तर तो आत येणार."

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.