सुपारीवर रंगकाम

डिसेंबरात आमच्या श्रीवर्धनकडच्या घरी अंगण ओलांडताना माणूस आधी वर बघतो. खाली रोठा सुपारी वाळत पडलेली असते आणि वर माडांवर गिधाडं. सुपारीला महिना-दीड महिना ऊन लागतं. गिधाडांना तिच्यावर पांढरा हात मारायला एक सकाळ पुरते. मग आई एकेक सुपारी पोत्याच्या तुकड्याने पुसते आणि प्रत्येक सुपारीमागे एक शिवी हासडते, तीही वर बघूनच.

कड्यावर राहतात ती लांब चोचीची गिधाडं वेगळी. आमची पांढऱ्या पाठीची. त्यांना उंच झाड लागतं, आणि किनाऱ्याला उंच म्हणजे माडच. एका माडावर घरटं, घरट्यात एकच अंडं, त्यावर नवरा-बायको आळीपाळीने बसणार. बाकीचं गणगोत रात्री शेजारच्या माडांवर वस्तीला. सकाळी लवकर निघतील म्हणावं तर तेही नाही. जमीन तापून हवा वर चढायला लागल्याशिवाय ही जड धुडं उडत नाहीत. तोवर सहा-सात फुटांचे पंख पसरून निवांत ऊन खात बसायचं, आणि खाली आमची ओली लुगडी बादलीत. झावळ्या करपतात. विहिरीवर पत्रा घालावा लागला. वासाबद्दल लिहीत नाही, जेवायच्या वेळी कुणी वाचत असेल.

नारळ पाडणारा गडी माडाखाली उभा राहून वर बघतो आणि कोयता परत कमरेला अडकवतो. "वर घरधनी बसलाय. मी नाय चढायचो."

हाकलायचीही सोय नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत त्यांचं नाव आहे. शिवाय दुर्बिणी लावून येणारी पोरं चहा पिता पिता सगळा इतिहास सांगतात. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचायचे, असं गुरू मेलं की ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर देशातली शंभरातली नव्याण्णव पांढऱ्या पाठीची गिधाडं संपली होती. उरलेल्यातली काही इथे. "काका, तुम्ही नशीबवान!" असं म्हणून पोरं दुसरा कप मागतात. एवढं ऐकल्यावर हातातला दगड गुपचूप खाली ठेवावा लागतो. आई मात्र विचारते, एवढी दुर्मीळ आहेत तर सगळी आमच्याकडेच कशी?

पण खरा ताप वेगळाच. आमचे आण्णा नव्वदीला टेकलेत. घरावर गिधाडं बसलेली बघून गावात कुणी काय समजायचं ते समजतो, आणि बातमी पुण्याला आत्याकडे पोचते. परवा तिचा फोन आला, रडवेल्या आवाजात. "मी खचणार नाही, खरं काय ते सांग." आण्णांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"अगो, ती मेलेलंच खातात. मला अजून चोचसुद्धा लावली नाही त्यांनी. तू येताना चितळ्यांची बाकरवडी आण."