रिकाम्या तळ्याचा फोटो

मे महिन्यातल्या लाँग वीकेंडला आम्ही कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, वॉटरटन नॅशनल पार्कात होतो. पहाटे साडेपाचला वारा पडला. वॉटरटनला वारा पडलेला क्वचितच सापडतो, म्हणून तंबूतून तशीच उठून तळ्यावर गेले आणि एक फोटो काढला. स्थिर पाणी, त्यात उलटे डोंगर, डोंगरांच्या खांद्यांवर उरलेला बर्फ. घरच्या ग्रुपवर टाकला आणि विसरून गेले.

दोन दिवसांनी तोच फोटो ग्रुपवर परत आला. पुण्याच्या आमच्या दादानं त्यावर मजकूर चढवला होता : ‘याला म्हणतात नॅशनल पार्क. एक माणूस नाही, एक झोपडं नाही. कोयनेच्या जंगलातली उरलेली गावं आपण कधी उठवणार?’ खाली अंगठ्यांची रांग. माझ्या सख्ख्या आत्यानंसुद्धा अंगठा दिला होता.

दादा माझा चुलतभाऊ. आमची आजी एकच, आणि ती कोयना धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावातली. त्यामुळे हे वाक्य दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. आमच्या घरातल्या माणसानं लिहिलं, तेही माझ्या फोटोवर, हे मला सहन झालं नाही. ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. दादाचं उत्तर आलं, ‘तू तिकडं बसून शिकवू नकोस. पंधरा वर्षांत चार वेळा आलीस गावाला.’ आकडा बरोबर आहे. तरीही मला जे सांगायचं आहे ते चार ओळींत मावत नाही.

दादा, फोटो काढताना माझी पाठ गावाकडे होती. वॉटरटनच्या पार्कात अख्खं गाव आहे. हॉटेलं आहेत, आइस्क्रीमची दुकानं आहेत, सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्यानं बांधलेले बंगले आहेत, वरच्या अंगाला गोल्फचं मैदान आहे. टेकाडावरचं प्रिन्स ऑफ वेल्स हॉटेल १९२७ पासून उभं आहे आणि तळ्यातली ‘इंटरनॅशनल’ नावाची लाँचही त्याच सालची. पश्चिम कॅनडातली पहिली तेलाची विहीर १९०२ मध्ये याच पार्कातल्या कॅमेरॉन ओढ्याकाठी खणली गेली. हरणं लोकांच्या अंगणात बसलेली असतात. इथे माणूस नाही असं कुणी कधी म्हटलेलं नाही. कोणता माणूस राहील आणि कोणता जाईल, एवढंच इथे ठरवलं गेलं.

मी लेथब्रिजला राहते. वॉटरटनला जाताना कार्डस्टन लागतं आणि त्याच्या वेशीला लागूनच इथल्या मूळ रहिवासी काइनाई लोकांचं ब्लड रिझर्व्ह, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेली जमीन, सुरू होतं. आमच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी बाई तिथली. तिच्या भाषेत या तळ्याचं नाव पाह्तोमाख्सिकिमी, म्हणजे डोंगरांच्या आतलं पवित्र तळं. वॉटरटन हे नाव एका इंग्रज पक्षीअभ्यासकाचं, जो इथे कधी आलाच नाही. माझा फोटो तिलाही दाखवला होता. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘माझ्या आजीचा डोंगर छान आलाय.’ बस, एवढंच.

१८९५ साली वॉटरटनला संरक्षण मिळालं. त्याच साली सीमेपलीकडे मोंटानात तिथल्या मूळ रहिवासी ब्लॅकफीट लोकांकडून अमेरिकी सरकारनं डोंगराचा पट्टा १५ लाख डॉलरना लिहून घेतला. शिकारीचा आणि लाकूडफाट्याचा हक्क राहील असं त्या करारात होतं. १९१० मध्ये त्याच पट्ट्यावर ग्लेशियर नॅशनल पार्क झालं आणि तो हक्क पार्काच्या सीमेवर संपला. अल्बर्टातल्याच बॅन्फ नॅशनल पार्कात स्टोनी नाकोडा लोकांना त्यांच्याच शिकारीच्या रानातून बाहेर ठेवलं. मॅनिटोबात रायडिंग माउंटनमध्ये १९३६ साली ओजिब्वे कुटुंबांना उठवलं आणि त्यांची घरं जाळली. घरं जाळून रिकामं केलेलं रान पाहून आपण म्हणायचं का, की बघा, हे लोक निसर्गाचा किती मान ठेवतात?

आजी सांगायची, तिचं घर जाळलं नाही, बुडवलं. धरणाचं पाणी परड्यातल्या फणसाच्या बुंध्याला लागलं, तोवर माणसं तिथेच होती. मग वर, डोंगराच्या अंगाला सरकली. जे सरकले नाहीत ते लांब पुनर्वसनाच्या गावांत गेले, आणि त्यांच्या पोरांचे जमिनीचे दावे अजून मिटलेले नाहीत. डिसेंबर १९६७ मध्ये भूकंपानं वरची घरंही पाडली. आजोबा आणि माझे वडील मुंबईला माथाडीत गेले. १९८५ मध्ये अभयारण्य आलं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. कोयना आणि चांदोली मिळून अकराशेवर चौरस किलोमीटर, म्हणजे दोन वॉटरटनपेक्षा मोठं. एकाच गावाला एका आयुष्यात किती वेळा उठा म्हणायचं?

वाघाला माझा विरोध नाही, हे दादानं नीट वाचावं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातली वाघीण चांदोलीत आणली, त्या रात्री मी झोपले नव्हते. मुलाला उठवून बातमी दाखवली. पण वाघीण ट्रकमधून आणता येते, तिला ठेवायचं काम मात्र आजूबाजूची माणसं करतात. ते कसं होतं हे बघायचं असेल, तर तळ्याकडे पाठ फिरवून पार्काच्या कुंपणाबाहेर ये. इथले रँचवाले अस्वलांच्या प्रेमात नाहीत. ग्रिझली धान्याच्या कोठारात शिरतो, वासरं मारतो. पण वॉटरटनच्या बायोस्फिअर रिझर्व्हवाल्यांनी या रँचवाल्यांनाच हाताशी धरून काम उभं केलं. कोठारांना पक्के दरवाजे बसवले, मधाच्या पेट्यांभोवती विजेचं कुंपण घातलं, मेलेलं जनावर उचलून न्यायची सोय केली, म्हणजे वासानं अस्वल येत नाही. आणि कित्येक रँचवाल्यांनी आपल्या जमिनीवर कधीच प्लॉट पाडणार नाही असं लिहून दिलं, त्याचा मोबदला घेतला आणि गुरं चारत तिथेच राहिले. त्यांना कुणी उठा म्हटलं नाही. आमच्याकडे गव्यांनी नाचणी तुडवली की आधी अर्ज, मग पंचनामा, मग वाट बघणं. गोव्यात जानेवारी २०२० मध्ये म्हादईच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले. त्याआधी गुरं मारली गेली होती. ज्या घरातलं दुभतं जनावर जातं, त्या घरी दुसऱ्या दिवशी कोण पोचतं, यावर वाघाचा जीव ठरतो.

इथलं सगळं चांगलंच आहे असं मी म्हणत नाही. वॉटरटनच्या उत्तरेला, क्रोज़नेस्ट पासमध्ये, कोळशाच्या खाणीला २०२१ मध्ये नकार मिळाला आणि २०२४ मध्ये तिथल्याच लोकांनी खाणीच्या बाजूनं कौल दिला. तरी एका गोष्टीत हे लोक आपल्या पुढे आहेत. १९३२ मध्ये अल्बर्टा आणि मोंटानाच्या रोटरी क्लबांनी आग्रह धरला आणि वॉटरटन व ग्लेशियर मिळून जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान झालं. डोंगरात दोन देशांची हद्द म्हणजे झाडं तोडून ठेवलेली सहा मीटर रुंदीची पट्टी. तळं तिच्या दोन्ही बाजूंना आहे आणि अस्वल ती पट्टी ओलांडून जातं. आपल्याकडे वाघ राधानगरी, तिलारी, म्हादई, भीमगड, काळी असा तीन राज्यांतून चालतो. एकाच देशातली ही राज्यं, तरी जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं म्हादई व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हणून सांगितलं, तर गोवा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. हे वाचते तेव्हा मला इथल्या लोकांसमोर लाज वाटते. कुणी विचारलेलं नसताना वाटते.

आणि दादाचं दुसरं म्हणणं. गावं उठली की शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठी ‘नीट टूरिझम’ करता येईल, नवीन महाबळेश्वर हा गिरिस्थानाचा सरकारी प्रकल्प होतोच आहे, आपलं बॅन्फ होईल. नवीन महाबळेश्वरच्या आराखड्यात पहिल्यांदा सातारा जिल्ह्यातली २३५ गावं घेतली. मग मला समजावून सांगा, की नाचणी लावणारा माणूस वाघाला अडचणीचा आणि रिसॉर्टमध्ये दोन रात्री राहणारा माणूस वाघाला चालणारा, हे कुणी ठरवलं? बॅन्फच्या गावात जुलैत गाडी लावायला जागा मिळत नाही, जनावरांना रस्ता ओलांडायला सहा-सहा पूल बांधावे लागले, कारण मधून हमरस्ता जातो. ते बॅन्फ बामणोलीला आणायचं? तापोळ्याच्या शांत पाण्यावर?

इथवर मी बरोबर आहे, असं मला वाटतं. पुढचं लिहायला जड जातं.

२०१६ मध्ये वडील गेले. काकांचा फोन आला, की तुझ्या वाट्याची जमीन थोडी, तू काही परत येणार नाहीस, हक्कसोड करून दे म्हणजे सातबारा मोकळा होईल. मी वाद घातला नाही. कॅलगरीला जाऊन मुखत्यारपत्राचे कागद साक्षांकित केले आणि कुरिअरनं पाठवले. त्या दिवशी मुलाचा हॉकीचा सराव होता, मला तीनपर्यंत परत यायचं होतं. सही करताना आजीचा फणस डोळ्यांसमोर आला का? नाही आला.

२०२२ मध्ये मी कॅनडाची नागरिक झाले. झूमवर उजवा हात वर करून शपथ घेतली. त्या शपथेत आता एक ओळ आहे, इथल्या मूळ लोकांचे करारातले हक्क मी मानते अशी. लेथब्रिज, वॉटरटन, माझं घर हे सगळं मूळ लोकांशी झालेल्या १८७७ च्या सातव्या कराराच्या जमिनीवर आहे. मी ती ओळ मोठ्यानं म्हटली आणि मला भरून आलं. ज्यांचं रान गेलं त्यांच्या हक्कांची शपथ घेतली, आणि माझ्या आजीच्या उरलेल्या रानावरचं नाव मी स्वतः काढून दिलं होतं. तरी दर उन्हाळ्यात मी पार्काचा वार्षिक पास गाडीच्या काचेला लावते आणि तळ्यावर जाऊन बसते, कारण पाण्याला चिकटलेला डोंगर दुसरीकडे कुठे मला इतका घरचा वाटत नाही. पाऊस लांबला की शिवसागर खाली जातं आणि जुन्या घरांची जोती वर येतात. लहानपणी एकदा मे महिन्यात आजीनं त्यातलं एक जोतं मला दाखवलं होतं. वॉटरटनच्या काठावर बसले की मी पाण्यात तेच शोधत असते.

दादा, फोटो राहू दे. त्यावरची ओळ काढ. आणि जोत्याच्या वरची ती पट्टी, जी आता तुझ्या नावावर आहे, ती कुणाला द्यायची ठरली तर देण्याआधी मला एक फोन कर. माझा हक्क नाही, मीच सोडलाय. तरी कर.